दुधानं न्हालेलं लॉक

सिंदी मेघे गावाच्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये प्रभाकररावांचा कारखाना. तेल मिलांसाठी तिथं कंडेन्सर बनत, म्हणजे गरम वाफेला थंड करून पुन्हा द्रव करणारी नळकांडी. इंजिनिअर होऊन त्यांचा मुलगा भूपेंद्र घरी आला नि तिथंच अडकला. कोणता द्रव कितीला उकळतो, किती उष्णता पोटात घेतो, हे तक्त्यांतून शोधून हातानं मांडायचं. एका ऑर्डरीपायी मान मोडून जायची. वर बाप चारचौघांत म्हणायचा, "हा हाय म्हणून चालून राह्यलं सारं." ऐकायला कौतुक, पण भूपेंद्रला तो गळ्यातला फास वाटायचा.

२००१ साली पुण्याच्या कंपनीचं बोलावणं आलं. प्रभाकरराव म्हणाले, "जाजो ना! पण मांगं हे गणितं कोन करीन?"

भूपेंद्रही हट्टाला पेटला. द्रवांची ही सगळी गणितं चुटकीसरशी करणारं सॉफ्टवेअर त्यानं परदेशातून मागवलं नि धाकट्या बहिणीला, प्रेरणाला शिकवलं. पोरगी भलतीच तल्लख! दसऱ्याच्या आत ती एकटीच आकडे काढू लागली. त्या सॉफ्टवेअरला एक लॉक होतं, काडेपेटीएवढं. ते कॉम्प्युटरच्या मागं खोचलं तरच गाडी पुढं सरकायची. दिवाळीनंतर पुण्याला रुजू व्हायचं ठरलं. भूपेंद्र शीळ घालत हिंडायला लागला.

खांडेनवमीला कारखान्यातली अवजारं धुऊन पुजतात. भूपेंद्र झेंडूची फुलं आणायला गेला होता. परत येऊन पाहतो तर पाने-हातोड्यांच्या मधोमध तामणात ते लॉक! प्रभाकररावांनी त्याला दुधापाण्यानं न्हाऊ घातलं होतं, बाळकृष्णाला घालावं तसं. भूपेंद्र अडवायच्या आत त्यांनी ते वरवर पुसून ओलंच परत खोचलं. कॉम्प्युटर सुरू केला, तर लॉक मेलेलं.

"बाबा, हे काय केलं तुमी!"

"काऊन? सारेच अवजारं धुतले. हे तर सगळ्यात मोलाचं!"

आता चिडायचं तरी कोणावर? माणसानं जीव ओतून पूजा केली होती हो! नवं लॉक यायला महिने लागणार होते नि ऑर्डरी तुंबलेल्या. भूपेंद्र पुन्हा तक्ते उघडून बसला. पुण्याकडं मुदत मागितली, तर त्यांनी दुसराच माणूस घेतला. त्या दिवशी तो शेडमागं जाऊन ढसाढसा रडला.

लॉक होळीला आलं. उन्हाळ्यात प्रेरणाचं लग्न झालं, ती गिरडकडं सासरी गेली. कॉम्प्युटरपुढची खुर्ची परत भूपेंद्रच्याच वाट्याला आली.

पुढच्या खांडेनवमीला प्रभाकररावांनी लॉकला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. लांबूनच फूल वाहिलं. एकेका अवजाराला कुंकू लावत ते रांगेच्या शेवटी आले नि तेच बोट त्यांनी भूपेंद्रच्या कपाळाला टेकवलं.

"माह्यं खरं अवजार तर हे हाय," ते गहिवरून म्हणाले.

भूपेंद्रला ओरडावंसं वाटलं. त्यानं मान खाली घातली नि कुंकू लावून घेतलं.