नऊ तासांवरून अडतीस मिनिटांवर

परळच्या एका ट्रस्टच्या रक्तपेढीत गॅविन परेरा कॉम्प्युटर सांभाळतो. राहायला गिरगावात, वय बेचाळीस, बोलणं मोजकं. पेढीचे सहाही सर्व्हर एकाच मोठ्या यंत्रावर चालतात आणि त्यांचा बॅकअप रोज पहाटे बिनचूक होतो, म्हणून तो निर्धास्त होता.

दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी नऊला त्या यंत्राच्या डिस्क बंद पडल्या. बॅकअप शाबूत होता, पण तो परत चढवायला नऊ तास लागले. त्याच दिवशी जुई ही आठ वर्षांची मुलगी शीवहून रक्त घ्यायला आली होती. तिला थॅलेसेमिया आहे, दर काही आठवड्यांनी रक्त घ्यावंच लागतं. तिला कुठलं रक्त चालत नाही याची नोंद बंद पडलेल्या सर्व्हरवर होती आणि अंदाजाने देणं धोक्याचं होतं. ती बाकावर बसून होती, नंतर वडिलांच्या मांडीवर झोपली.

वडील सौमित्र आता ओरडणार, याची गॅविन वाट पाहत होता. चार वाजता ते आले आणि लेकीचा डबा त्याच्यापुढे ठेवला.

"सर, दोन घास खा. उपाशी माणसाच्या हातून चुका होतात."

गॅविन अजूनही सांगतो, "त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी कारणं दिली असती आणि विसरूनही गेलो असतो."

विसरला नाही. दुसऱ्याच आठवड्यापासून तो नऊ तास कुठे गेले ते शोधायला लागला. बॅकअप साठवणारी पेटी जागा वाचवायला एकसारखा डेटा एकदाच ठेवायची; परत मागितला की तुकडे जुळवत बसायची. वर तो डेटा ऑफिसच्या साध्या नेटवर्कवरून, एकामागून एक डिस्क असा येत होता. ताज्या आठवड्याच्या प्रती साध्या, वेगवान डिस्कवर ठेवायच्या, त्यांना वेगळी जलद लाइन द्यायची आणि सगळ्या डिस्कचा डेटा एकदम परत चढवायचा, असं त्याने मांडलं. बॅकअप रोज होतोय, मग हे कशाला, असं विश्वस्तांनी विचारलं.

पेढीच्या प्रमुख डॉ. लीला विजयकर शांतपणे म्हणाल्या, "बॅकअप होतो ते मला माहीत आहे. तो परत कधी येतो, ते त्या मुलीला विचारा."

मंजुरी मिळाली. पुढे दर महिन्याला एका शनिवारी गॅविन एका रिकाम्या यंत्रावर सगळं चढवून वेळ मोजायचा. पहिल्यांदा तीन तास लागले, मग दीड, मग पाऊण.

यंदा फेब्रुवारीत एसीचं पाणी यंत्रावर गळलं आणि सगळं पुन्हा बंद पडलं. गॅविनने शेजारच्या त्या रिकाम्या यंत्रावर बॅकअप चढवायला घेतला. अडतीस मिनिटांत नोंदी उघडल्या. जुई तेव्हा खाली नाव नोंदवत होती. तिचं रक्त ठरल्या वेळी सुरू झालं. वर काय घडलं याचा तिला किंवा सौमित्रना पत्ताही नव्हता.

दुपारी गॅविन लीलामॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि आभार मानले. विश्वस्तांपुढे त्या बोलल्या नसत्या तर आजही संध्याकाळ झाली असती, असं म्हणाला. त्यांनी त्याला बसायला सांगितलं.

"गॅविन, माझ्या पेशंटचा एक दिवस तू वाचवलास. आभार मी मानायचे."

गॅविन म्हणाला, एक सर्व्हर बाकीच्यांपेक्षा अकरा मिनिटं उशिरा आला, तो का ते बघायचंय, आणि उठून कामाला गेला.