झाडलेली फुले आणि बोग्नाची घंटा

हे करुणाघना येशूराया, थडग्याची शिळा सारून तू पहाटे उठलास आणि राजवाड्याकडे न वळता बागेत उभा राहिलास. रडणाऱ्या मरियेला माळी वाटलास आणि तिच्या नावाने हाक मारून तिचे डोळे पुसलेस! ज्या मुखाने तुझे नाव घेतो, त्याच मुखाने आज तुझ्या एका लेकीचे नाव घेतो. तिचे नाव बोग्ना.

बोग्ना पोलंडची. आमच्याकडच्या ब्रागा शहरातल्या विद्यापीठात कापडाचे शास्त्र शिकायला आली आणि आमच्या डोंगरालगतच्या गावात दोना एर्मेलिंदा या वयस्कर बाईंच्या माडीवर राहिली. सुट्टी लागली की पाठीवर पिशवी टाकून निघायची. फातिमाच्या तीर्थाला नवसाने गुडघ्यांवर चालणाऱ्या माणसांमागून चालली, स्पेनची वेस ओलांडून सांतियागोच्या यात्रेला जाऊन आली. जिथे गेली तिथे देवळातली मिस्सा चुकवली नाही. पण कानांवर परकी प्रार्थना आणि ओठांवर आईची, म्हणून बसायची मागच्याच बाकावर.

"आजी, देव तोच आहे, कळतं मला," एकदा ती एर्मेलिंदाबाईंना म्हणाली. "पण इथे त्याच्या घरी मी पाहुणीच वाटते."

"पाहुणी? आणि माझं पातेलंभर सूप संपवते ती कोण मग?"

उपवासकाळ सरला, पवित्र शनिवार आला. बोग्नाने अंडी, पाव, मीठ अशी टोपली सजवली आणि तिच्या देशाच्या रीतीने आशीर्वाद घ्यायला देवळाशी नेली. देऊळ बंद. टोपली तशीच परत आली.

आमच्याकडे पुनरुत्थानाच्या रविवारी क्रूस घरोघर येतो. उंबऱ्यावर पाकळ्या आणि हिरवा पाला दिसला की आत शिरतो. उंबरा कोरा असेल तर घर शोकात आहे असे जाणून, न टोकता पुढे जातो. एर्मेलिंदाबाईंचे यजमान अल्बिनो त्या क्रूसापुढे घंटा वाजवत चालायचे. पानगळीच्या दिवसांत ते देवाघरी गेले. यंदा फुले पसरायची की नाही, या विचाराने बाई आठवडाभर झुरल्या. शेवटी मला म्हणाल्या, "काळे कपडे आहेतच हो अंगावर. पण अल्बिनोचा क्रूस अल्बिनोच्याच दारावरून परस्पर गेला, तर वर गेल्यावर त्याला तोंड काय दाखवू?"

रविवारी पहाटे त्यांनी कॅमेलियाच्या पाकळ्या आणि बडीशेपेचा पाला उंबऱ्यावर पसरला आणि कपडे बदलायला आत गेल्या. शेजारची दारे अजून उघडली नव्हती. तेवढ्यात बोग्ना माडीवरून उतरली. तिच्या आईच्या घरी या दिवशी उंबऱ्यावर काडीही दिसू नये, असा दंडक. वाऱ्याने कचरा केलेला दिसतोय, असे म्हणून तिने झाडू घेतला. झाडले, पाणी ओतले, दगड लख्ख केला. केवढ्या प्रेमाने केला!

घंटा वाजत आली. आणि वाजत पुढे गेली.

लेस अंथरलेल्या टेबलाशी केक आणि साखरेतले बदाम मांडून बसलेल्या एर्मेलिंदाबाई दाराशी आल्या. "इथली फुलं?"

"ती... कचरा समजून मी झाडली, आजी. तुमच्यासाठी लख्ख करायचं होतं."

"झालं की लख्ख," बाई हळूच म्हणाल्या. "इतकं, की देवसुद्धा घसरून पुढे गेला." म्हणाल्या आणि पदराआड जावे तशा हातांआड तोंड लपवून बसल्या.

"आजी, फुलं परत पसरा!" बोग्ना ओरडली आणि धावत सुटली. कारंज्याजवळ तिने क्रूस गाठला. क्रूस धरलेले बेकरीवाले बेलार्मिनो थबकले.

"सेन्योर बेलार्मिनो, मागे फिरा! शोकाचं नाही ते, मीच फुलं झाडली!"

"ऐका!" सोबतचा तोमे म्हणाला. "बायको म्हणते झाडू घे हातात. आता सांगतो तिला, काय होतं ते!"

बेलार्मिनो हसले नाहीत. "पोरी, पुनरुत्थानाचा क्रूस मागे फिरत नाही. मला हे अल्बिनोनंच शिकवलं."

बोग्नाचे डोळे भरले. पण रोज चालणाऱ्या पायांनी तिला वाट सुचवली. "मग पुढेच चला. शेवटच्या घरावरून वरची पाऊलवाट धरली, की समोर आमचंच दार. मी बस पकडायला जाते रोज तिथून."

"चढ आहे तिथं. पाय दुखतात माझे."

"क्रूस मी धरते!"

"क्रूस राहू दे. घंटा घे. तोमेच्या एका हातात घंटा, एका हातात आशीर्वादित पाणी. सकाळपासून घरांपेक्षा मीच जास्त भिजलोय."

अल्बिनोची घंटा बोग्नाच्या हाती आली. ती घरोघर पुढे चालली. आमची स्तोत्रे तिला येत नव्हती, पण प्रत्येक दारात एक शब्द उमटत होता, आलेलुया! तो तिच्या आईच्या ओठी तसाच होता. मागच्या बाकावरची मुलगी देवाच्या पुढे चालत होती, आणि देव तिच्या मागून येत होता.

वरच्या वाटेवरून घंटा ऐकून एर्मेलिंदाबाई उंबऱ्याशी आल्या. तिथे कचऱ्याच्या डब्यातून वेचलेल्या, भिजलेल्या, चिखल लागलेल्या पाकळ्या पसरल्या होत्या. क्रूस त्यांवरून आत शिरला. बाईंनी तो ओठांना लावला आणि बराच वेळ सोडला नाही. तोमेने घरावर पाणी शिंपडले. काही थेंब पोलंडच्या टोपलीवर पडले.

बोग्ना दाराशी अवघडून उभी होती.

"उभी काय राहतेस?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरात पाहुणे आलेत. केक काप!"

येशूराया, या लेकीच्या पावलांना जगभर तुझे दार सापडो. तिच्या आईच्या अंगणात सुखाची वार्ता पोहोचो. एर्मेलिंदाबाईंच्या उंबऱ्यावर दर वसंतात फुले पडोत, आणि त्या घरात घंटेचा नाद, भाकरीचा वास आणि तुझी शांती अखंड नांदो. आमेन.