तासाभराची फ्लाइट

"लंडन टू अ‍ॅमस्टरडॅम, जस्ट वन अवर, आई!" वरच्या खोलीतून लेक ओरडली. ती सुट्टीतल्या ट्रिपची तिकिटं बघत होती. तव्यावरची पोळी उलटायची राहिली. करपल्याचा वास सुटला आणि मला दोन हजार चारमधली ती सकाळ आठवली.

हेच ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडचं स्वयंपाकघर. बाहेरच्या दमट उकाड्याने खिडकीची काच घामेजली होती. ऑफिसच्या कामाला गेलेला माझा नवरा, श्रीकांत, लंडनच्या एअरपोर्टवरून बोलत होता. "चल, जातो. बोर्डिंग सुरू झालं."

"जातो काय म्हणतोस? येतो म्हण!"

तो हसला. "अगं, तासाभराची तर फ्लाइट. ह्यूस्टनच्या ट्रॅफिकमध्ये यापेक्षा जास्त बसतो आपण. बरं, आलोच!"

विमान वेळेवर उतरलं. सगळे उठले, तो मात्र सीटवर झोपल्यासारखा बसून राहिला. हार्ट अटॅक, असं त्याच्या कलीगने फोनवर सांगितलं. पुढे कितीतरी दिवस मी त्या 'जातो'वर रागावले होते. आता छळतो तो 'आलोच'.

"जेवायला ये गं," मी हाक मारली.

लेकीला मराठी फारसं येत नाही, पण बापाचा हा एक शब्द तिने उचललाय.

"आलेच!"

जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत मी श्वास रोखून उभी राहिले.