गेबहार्ट उस्तादांची हत्यारं

गेबहार्ट उस्ताद चिलीतल्या आमच्या ओसोर्नोला आले, तेव्हा त्यांची कपड्यांची पिशवी एका हातात मावत होती आणि हत्यारांची पत्र्याची पेटी मात्र दोघांना उचलावी लागली. मी तेव्हा इर्मगार्डबाईंच्या केकच्या दुकानात भांडी घासायला होते. बाईंनी जर्मनीतल्या एका पेपरात जाहिरात देऊन त्यांना बोलावून घेतलं होतं. दारावर पाटीही लावली: ‘खास जर्मनीहून आलेला कारागीर’.

पहिल्या रविवारी उस्ताद कोट घालून, केस विंचरून बाईंच्या जेवणघरात गेले. आपल्याच माणसांत आलोय असं त्यांना वाटलं असावं. बाई म्हणाल्या, “तुमचं ताट स्वयंपाकघरात वाढलंय.” मग आमच्यात येऊन बसले बिचारे, कोट घालूनच.

बाईंचे आजोबा शंभर वर्षांपूर्वी जर्मनीहून चिलीत आलेले. बाईंनी स्वतः जर्मनी कधी बघितली नव्हती, पण उस्तादांची गावाकडची जर्मन ऐकली की नाक मुरडायच्या. “आमच्या घरात असं बोलत नाहीत हं.”

“मग मी जन्मभर चुकीचंच बोललो म्हणायचं,” उस्ताद मला म्हणाले. हसत म्हणाले, पण नंतर बाईंसमोर तोंड उघडेनासे झाले.

पहाटे सगळ्यात आधी भट्टी तेच पेटवत. पेटीतलं एकेक हत्यार फडक्यावर मांडून ठेवत: केकवरची मलई एकसारखी करायची लांब पातळ पाती, बकरीच्या केसांचा ब्रश, दोनदा मूठ बदललेली सुरी, पाक करायची तांब्याची कढई, आणि नासपतीच्या लाकडाचे बिस्किटांचे साचे. साच्यांवर कोंबडा, घोडेस्वार, पाळण्यातलं बाळ असं काय काय कोरलेलं. साचे पाण्याने धुवायचे नाहीत, कोरड्या ब्रशने झाडायचे. मी एकदा धुतला तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाक बघायला बोटं गार पाण्यात बुडवून सरळ उकळत्या साखरेत घालायचे. त्या बोटांना कातडी कसली, चामडंच होतं.

बाईंची भाची हेर्टा हाताखाली शिकायला लागली आणि उस्ताद बदलले. तिला साचे हाताळू दिले. तिचा हात धरून पाती कशी फिरवायची ते दाखवलं. हेर्टाही म्हणायची, “दुकान पुढेमागे आपल्याच दोघांचं होणार आहे, नाही का?” बाईंना सगळं दिसत होतं. त्या ना हो म्हणाल्या, ना नाही. पोरगी फुकटात शिकत होती, मध्ये कशाला बोलतील?

सातव्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला. आधी आम्हाला वाटलं, ओसोर्नोची ओल बाधली. पण रविवारी, दुकान बंद असलं की माणूस ठणठणीत, आणि सोमवारी पिठाचं पोतं उघडलं की छातीत शिट्ट्या वाजायला लागायच्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “पीठ सोडा. नाहीतर एक दिवस श्वास कोंडूनच जाल.”

उस्ताद तसेच आले आणि हेर्टाला म्हणाले, “भट्टीचं तू बघ. तुला आता सगळं येतं. मी पुढे गिऱ्हाईक बघतो. लग्न करून टाकू.”

हेर्टाने मळणं थांबवलं नाही. “पुढे? तुमचं खोकणं ऐकून केक कोण नेईल?” मग जरा हळू आवाजात, “आणि डेअरीवाल्यांच्या वाल्डेमारशी माझं ठरलंय. मावशीने सांगितलं नाही तुम्हाला?”

उस्तादांनी फडकं पसरलं आणि हत्यारं गोळा करायला लागले. तेवढ्यात बाई आत आल्या.

“ती राहू द्या. इतकी वर्षं आमच्या दुकानात वापरली, दुकानाचीच झाली ती.”

“माझ्या बापाचे साचे आहेत, बाई.”

“तुम्हाला आता काय उपयोग त्यांचा? हेर्टाला लागतील.”

उस्ताद हेर्टाकडे बघत राहिले. ती खाली मान घालून मळत होती. ते रिकाम्या हातांनी निघून गेले.

मला राहवलं नाही. डुकरांसाठी उष्ट्याची बादली मी रोज घरी न्यायचे. तिच्यात सालपटांखाली फडक्यात बांधून एकेक साचा बाहेर काढला. पाती, ब्रश, सुरीही आणली. कढई तेवढी राहिली, ती बादलीत मावेना. सगळं उस्तादांच्या खोलीवर नेऊन मांडलं. वाटलं, खूश होतील.

त्यांनी कोंबड्याचा साचा उचलला आणि माझ्यावरच ओरडले, “हे का आणलंस, रोसाल्बा? आता मी काय ह्यांच्याकडे बघत बसू?”

मी रडत घरी आले.

नंतर त्यांना गुरांच्या बाजारात काम मिळालं. बैलांची वजनं मोठ्याने पुकारायची. धाप लागायची, मग दुसरा कोणीतरी पुकारायचा. बाजारातली पोरं त्यांना ‘केकवाले काका’ म्हणून चिडवत.

एकदा मी तिथे असताना हेर्टा पोराला कडेवर घेऊन आली. नव्या करून घेतलेल्या साच्यांतली बडीशेपेची बिस्किटं खालून फुगत नव्हती, वरचं नक्षीकाम फाटत होतं. उस्तादांनी सगळं नीट सांगितलं, रात्रभर वाळवायची, भट्टी मंद ठेवायची. ती ‘आभारी आहे’ म्हणून गेली. एकदा दुकानाकडे या, एवढंही म्हणाली नाही.

मी म्हटलं, “एवढं कशाला सांगितलंत त्या सटवीला?”

“बिस्किटांनी काय केलंय माझं?” ते म्हणाले, आणि बराच वेळ खोकत राहिले.

साठ सालच्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या हिवाळ्यात ते गेले. न्यायला बाजारातले चौघे आणि मी. दुकानातून सफरचंदाचा केक आला, सोबत माणूस कोणी नाही. बाजारातल्यांनी तो उभ्या उभ्या संपवला आणि चांगला झालाय म्हणाले.