भिंतभर जाड अक्षरं

देवरीच्या रस्त्यावर माझी खानावळ होती, पण ट्रक थांबत नव्हते. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर चूल विझवून घरी बसावं लागलं असतं. म्हणून भिंत रंगवायला एक पेंटर बोलावला. त्याचं नाव मी विचारलं नाही.

गेरूत भिजवलेली दोरी ताणून त्यानं भिंतीवर रेघा मारल्या आणि विटांसारखी जाड, चौकोनी अक्षरं भरली. मग सायकल घेऊन पुलापर्यंत गेला आणि मान भिंतीकडे वळवून भरधाव परत आला. असं तीनदा केलं. दरवेळी उतरून अक्षरं आणखी जाड करायचा.

‘जेवण’ एवढ्यातच भिंत संपली. मी चिडले.

“माझं नाव काऊन नाही लिहिलं?”

“तुमचं नाव खायाले कोन येऊन राहिला, मावशी?”

त्याच दुपारी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, “अम्मा, क्या मिलता है?”

“भिंतीवर लिहिलं आहे ना.”

“पढ़ना नहीं आता. इतना मोटा लिखा है, कुछ तो मिलता होगा.”

मला हसू आवरेना. पेंटरनं ब्रश पुसला आणि ड्रायव्हरशेजारी मांडी घालून बसला. “मावशी,” तो म्हणाला, “दोन ताटं वाढा.”