पहिला फोन आईला

त्या दिवशी मी कापूस वेचायचा अर्धा टाकून घरी आल्ते. मह्या नवऱ्याचं जहाज मोंबासाला लागलं होतं. हे जहाजाच्या भटारखान्यात असतात. मधल्या दर्यात रेंज नसते. बंदरात उतरायची सुट्टी मिळाली तरच धड तोंड दिसतं. या बारीला म्हणाले होते, "तुला समुंदर दाखवतो." मी आजवर पाह्यला न्हाई. जाफराबादेत बसून पाहणार कुठून?

फोन आला तो आत्याबाईंच्या मोबाईलवर. लेकाचा पहिला फोन आईला, हा सासरचा रिवाज. आत्याबाई ओट्यावर बसल्या अन् ह्यांनी त्यांना जुनं शहर दाखवायला घेतलं. अरुंद गल्ल्या, किल्ल्याच्या जाड भिंती, नक्षीचे भलेमोठे दरवाजे. आत्याबाई विचारून राह्यल्या, "कडी कुठं हाय रे त्याला?" आता कडीचं काय करायचं होतं बाई!

मधीच ह्यांच्या गळ्यात हात टाकून जहाजावरची पोरं दिसली. घरी आल्यावर ह्यांच्या तोंडातून शब्द निघत न्हाई, अन् तिथं बत्तीशी काढून हसून राह्यले! जळले मी. बिलकुल जळले. त्या पोरांवर जळले, दरवाजांवर जळले, आत्याबाईंवर तर विचारूच नका. मंग शेजारच्या काकूंनी फोन घेऊन तिथल्या उन्हाची चौकशी केली.

"घे, जल्दी बोल, त्याला निघायचंय," आत्याबाई म्हणाल्या. मी फोन घेतला अन् सरळ गच्चीवर गेले.

"हा बघ," म्हणत ह्यांनी फोन फिरवला. किल्ल्याची भिंत संपली अन् पुढं निस्तं पाणीच पाणी. त्याला पलीकडची कडच न्हाई. मी फोन पार डोळ्यापाशी नेला.

"अगं, आईला दाखवायचा राह्यला की. दे तिला."

मह्या डोक्यात सणक गेली. "न्हाई देत! गल्ल्या त्यांना, किल्ला त्यांना, दरवाजे त्यांना. समुंदर महा आहे."

खालून आत्याबाई हाका मारून राह्यल्या. तिकडं पोरं ओरडून राह्यली, जहाजावर परतायची गाडी निघाली म्हणून. वाटलं, आता हे चिडतात अन् फोन ठेवतात.

"रुको रे," हे मागं वळून ओरडले, "बीवी से बात कर रहा हूँ!"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. मारू द्या. त्या दिवशी ती पोरं थांबली, मी न्हाई.