घरटी दहा बादल्या

माझ्या बायकोला सगळे बाई म्हणतात. घरात मीही तेच म्हणतो, कारण दुसरं काही म्हटलं तर ती ओ देत नाही. ती नववीला विज्ञान शिकवते. मी पाणीपुरवठ्यात आहे आणि पाणी कुठे कधी सोडायचं ते ठरवतो. माझं वेळापत्रक साधं होतं: सकाळी सगळ्यांना एकाच वेळी एक तास. यात कोणी खोट काढेल असं वाटलं नव्हतं, घरातलंच माणूस काढेल असं तर नाहीच.

बाईंच्या वर्गात टेकडीवरची एक मुलगी रोज उशिरा यायची. सोमवारपासून पुन्हा उशीर झाला तर परीक्षेला बसता येणार नाही, असं मुख्याध्यापकांनी तिला बजावलं. आई पहाटेच कामाला जाते, पाणी येईपर्यंत थांबावं लागतं, एवढंच ती म्हणे.

बाईंनी वर्गाला कामाला लावलं. त्या तासात आपल्या घरी किती बादल्या भरतात ते मोजा आणि वेळापत्रक योग्य आहे का ते सांगा. पोरांनी बेरीज केली, भागाकार केला, घरटी दहा बादल्या निघाल्या. वेळापत्रक उत्तम आहे असा निर्वाळा सगळ्यांनी हात वर करून दिला. टेकडीवरच्या मुलीनेही दिला. भागाकार तिनेच केला होता आणि तो बरोबर होता.

"तुझ्याकडे किती भरल्या?" बाईंनी तिला विचारलं.

"अर्धी."

मग वर्गाला आठवलं की पाणी वर चढायला दाब लागतो, आणि खालचे सगळे नळ उघडे असले की तो उरत नाही. हा धडा होऊन गेला होता. त्यात सगळ्यांना चांगले मार्कही होते. बाई म्हणाल्या, "आता कोणी थांबायचं ते ठरवा. आणि ज्याला थांबावं लागेल त्याला तोंडावर सांगा."

म्हणून अख्खा वर्ग माझ्या ऑफिसात आला. खालच्या गल्लीतल्या एका मुलाने सांगितलं, आधी टेकडीला द्या, आम्हाला नंतर. तुम्हालाही नंतर. मी म्हटलं, वरिष्ठांना विचारावं लागेल. बाई म्हणाल्या, "विचारा. घरी भेटूच." मी त्याच दिवशी विचारलं.

सोमवारी पाणी आधी टेकडीला गेलं. आमच्याकडे माझी आई अंथरुणाला खिळलेली, तिचं आवरल्याशिवाय बाईंना घर सोडता येत नाही. आदल्या दिवशी भरून ठेवावं हे दोघांनाही सुचलं नाही. पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या घरी ती सवय कशाला असेल? नळाला पाणी आलं तेव्हा शाळा भरली होती.

संध्याकाळी मी विचारलं, मुलगी वेळेवर आली का.

"माझ्याआधी," बाई म्हणाली.

"मुख्याध्यापक तुला काही बोलले?"

"पाणी नव्हतं म्हटलं. ते म्हणाले, असू द्या बाई, पाण्यापुढे कोणाचं चालतं."

त्या मुलीने वर्षभर त्यांना हेच कारण सांगितलं होतं.